दाजींनी केलेल्या सुधारणा

नीट चाललेली वस्तू दाजींना बघवत नसे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तर त्यांच्या हाताला खाजच सुटली होती. घरातला संगणक सुरू व्हायला दीड मिनिट घ्यायचा. एका व्हिडिओत कोणीतरी छातीठोकपणे सांगितलं, की मशीन चालू होताना एक कळ दाबा, आतल्या सेटिंगमध्ये शिरा, दोनचार गोष्टी बदला, चार सेकंदांत काम फत्ते. दाजी शिरले. दोनचार म्हणजे नेमक्या कुठल्या, ते त्यांनी धड ऐकलं नव्हतं. म्हणून दिसेल ती बदलली.

आता समोर काळा पडदा होता आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ. बाकी काही नाही.

त्याच संगणकात बायकोची कादंबरी होती. तीन वर्षांची मेहनत, संपादिकाबाईंकडे नुसता कच्चा खर्डा, शेवटचा हात फिरवलेली प्रत दुसरीकडे कुठेही नाही, आणि पाचच्या आत ती प्रकाशनाकडे जायला हवी होती. बायको बँकेत गेली होती, चारपर्यंत परतणार होती.  शेवटी नाक मुठीत धरून दाजींनी मेहुणीला फोन केला. तिचं संगणकदुरुस्तीचं दुकान होतं. "स्क्रू पिळायला काय अक्कल लागते," असं दाजी तिला चारचौघांत ऐकवत आले होते.

मेहुणी वीस मिनिटांत हजर झाली.

"कशाला हात लावला होतात का, दाजी?"

"छे गं. आपोआप झालं. लाइट जरा कमीजास्त झाली असेल."

तिने संगणकाच्या डब्याची बाजू उघडली, आतली धूळ फुंकली आणि नाण्याएवढी एक बॅटरी काढून टेबलावर ठेवली. ती पाच मिनिटं बाहेर राहिली, की आतली सेटिंग पुसली जाऊन मूळपदावर येते. म्हणजे काम झालंच होतं, फक्त थांबायचं होतं. पण पाच मिनिटं गप्प बसणं मेहुणीच्या रक्तात नव्हतं.

"नाही सांगितलंत तरी चालेल," ती म्हणाली. "हा डबा सगळं लिहून ठेवतो. कोणी, किती वाजता, कशाला हात लावला. चालू झाला की आधी यादीच येते. ताईलाही वाचता येईल."

 डिस्कची सेटिंग कशी फिरवली, घड्याळाशी काय खेळ केला, सगळं दाजींनी भडाभडा सांगून टाकलं.

"एवढंच?" मेहुणीने सहज विचारलं. ती खाली पडलेला स्क्रू शोधत होती.

"का? फाइलींचंही येतं का यादीत?"

मेहुणीने स्क्रू शोधणं सोडलं. "येतं ना."

"मग ऐक. तिची कादंबरी मी चोरून वाचली. त्यातल्या नवऱ्याला सगळे हसतात गं. चष्मा माझ्यासारखा, खोकणंसुद्धा माझंच. वाईट वाटलं मला. म्हणून तीन ठिकाणी त्याला जरा शहाण्यासारखं बोलायला लावलं."

मेहुणी दाराकडे बघत होती. दाजींनी मान वळवली. बायको पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी होती, आणि बराच वेळ उभी असावी.

 मेहुणीने बॅटरी बसवली, बटण दाबलं आणि एक सेटिंग हाताने नीट केली. संगणक दीड मिनिटात सुरू झाला.

"यादी कुठंय?" दाजींनी हळूच विचारलं.

"कसली यादी? डबा आहे तो. तो काय लिहिणार?"

बायको खुर्चीत बसली, फाइल उघडली. "दोन आठवडे संपादिकाबाई विचारतायत, हा माणूस मधेच असा पुस्तकी का बोलतो? मला वाटलं मीच लिहिलंय. पानभर कारणं लिहून पाठवली मी त्यांना."

"काढतेस का ती वाक्यं?" दाजींचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तिन्ही काढते. त्यांच्या जागी आत्ता ह्या धाकटीला जे कबूल केलंत ते सगळं घालते. तेवढं एकच त्याच्या तोंडी शोभतं." तिने घड्याळाकडे पाहिलं. "तास आहे अजून. पहिल्यांदा कुठली कळ दाबलीत? सावकाश सांगा, मला टाइप करायचंय."

दाजी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले आणि सांगू लागले.