टिचकी मारलेली काच

गाझियाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये शोकेस लागल्यापासून राजवर्धन आल्यागेल्याला तिच्या काचेच्या फळीवर टिचकी मारून दाखवायचा. "टफन्ड आहे यार, बिल्कुल फुटणार नाही!" खालच्या मजल्यावरच्या सुनयनाकडेही त्यानेच त्याच दुकानातून तशी फळी लावून दिली होती. त्याला सोसायटीचा सेक्रेटरी व्हायचं होतं ना!

गणपतीतली संध्याकाळची आरती झाली. प्रसाद घेऊन मुलं बाहेर पळाली. राजवर्धनने कापूर जळत असलेलं तबक सवयीने त्या फळीवर ठेवलं. कडाड आवाज झाला आणि फळी खाली आली. मुलं बसली होती तिथे सतरंजीत हातभर लांबीचा तुकडा सुरीसारखा रुतला. त्याची बायको वैजयंती जागच्या जागी थिजली.

राजवर्धनचे चुलते काकासाहेब फौजेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तुकडा उचलला.

"राजा, फळी लांब होत होती, ती दुकानदाराने इथे हॉलमध्येच कापून बसवली, असंच सांगत होतास ना?"

"हो काका. एका रेघेत! काय सफाई होती!"

"तिथेच कळायला हवं होतं. टफन्ड काच नंतर कापताच येत नाही, कापायला गेलं की तिचा चुरा होतो. फुटली तरी बारीक बोथट दाणे पडतात, असे सुरे नाहीत. ही साधी काच आहे. फसवलंय तुला."

राजवर्धनने आधी दार लावून घेतलं.

"हळू बोला. इलेक्शन होऊ दे, मग बघू. वैजू, कुणी विचारलं तर सांग, दृष्ट लागली."

वैजयंतीला शिसारी आली. गणपतीसमोर उभं राहून हा माणूस काय बोलतोय! आणि आपण? येणाऱ्या प्रत्येक बाईला हीच फळी आपणही मिरवून दाखवली होती. तिला स्वतःचीही किळस वाटली.

"सुनयनाचं बाळ आता धरून उभं राहतंय," ती म्हणाली. "कशाला धरून, माहीत आहे? तुमच्या त्या फळीला! अहो, मतं हवीत म्हणून ते लेकरू तिथेच ठेवायचं? छी!"

राजवर्धनने सतरंजीला पडलेल्या चिरेकडे पाहिलं. दार उघडून तो जिना उतरू लागला, मागोमाग वैजयंती.

बाळ खरंच फळीची कड धरून उभं होतं. वैजयंतीने त्याला झटकन उचललं. राजवर्धनने फळी उतरवली आणि तो मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, मी फसलो. कळल्यावरही गप्प बसणार होतो. माफ करा."

वाचकहो, नव्या घरात नव्या वस्तू जरूर आणा, पण पारखून आणा. आणि फसलात तर अब्रूसाठी तोंड शिवून बसू नका. दुकानदाराने एका घराला फसवलं असेल, पण आपण गप्प बसलो की शेजाऱ्याला फसवणारे आपणच असतो!