दोन इंच कमी

मी टेप बोलतेय. गाणी वाजवणारा टेप नव्हे. तो शोकेसमध्ये बसतो, त्याच्यावर विणलेला रुमाल घालतात. मी शिलाईच्या दुकानातली, मापं घ्यायची टेप. बोटभर रुंद, साठ इंच लांब, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. निदान एके काळी अशी होते.

जन्म कुठला ते ठाऊक नाही. समजायला लागलं तेव्हा कुवेतमधल्या एका दुकानात खिळ्याला लटकत होते. पेणच्या मुरादनं मला उचललं. ‘बायको शिवते माझी,’ असं त्यानं दुकानदाराला उगाचच सांगितलं. वर्षभरात तिथं लढाई पेटली. माणसं मिळेल त्या वाटेनं घरी पळाली. मुराद एका पिशवीनिशी पेणला उतरला. पिशवीत दोन शर्ट होते, एक कात्री होती आणि मी होते.

मग तो धरमतरच्या खाडीत मालवाहू बार्जेसवर कामाला लागला, आणि मी त्याच्या बायकोच्या, फरझानाच्या गळ्यात पडले.

फरझानानं घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. मुलीच्या नावानं पाटी लावली, ‘शाझिया लेडीज टेलर’. शाझिया तेव्हा बालवाडीत होती. पाटीवर आपलं नाव आहे म्हणून ती येणाऱ्या प्रत्येक बाईला ते वाचून दाखवायची.

माझ्या मालकिणीचा हात चांगला होता, पण खरी चांगली होती नजर. बाई दारातून आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत फरझानाचं ठरलेलं असे. ‘तू ठेंगणी, तुला रुंद काठाची साडी नको, मधेच कापल्यासारखी दिसतेस.’ ‘मान आखूड आहे, बंद गळा कशाला शिवतेस?’ ‘चेहरा गोल, भांग जरा बाजूला पाड, आणि ती गुलाबी लिपस्टिक टाकून दे, तुला विटकरी रंग शोभेल.’ बोलणं फटकळ, पण त्यात माया असे. बायका हसत हसत ऐकायच्या. फरझानाभाभीकडून निघालेली बाई रस्त्यात जरा ताठ चालते, हे मी उंबऱ्यापाशी टांगलेली असताना कितीदा पाहिलंय.

आकडा मात्र ती कधी मोठ्यानं बोलत नसे. बाईच्या कानाशी हळूच सांगायची आणि वहीत लिहायची. आकड्याची बायकांना लाज वाटते, हे मला तिच्याकडूनच कळलं.

पंच्याण्णव सालच्या माघ महिन्यात पुतळी आली. खाडीकाठच्या गावातली, नवऱ्याबरोबर, हिरामणबरोबर, मिठागरावर राबणारी. मागे तिची मुलगी मालू. बावीस वर्षांची, उंचीला बेताची, अंगानं दणकट. मिठाच्या पाट्या वाहून खांदे भरलेले, दंड गच्च. आणि हसणं असं, की दुकानातल्या बाकीच्या बायकाही कारण न कळता हसायला लागल्या.

पुतळी मात्र हसत नव्हती.

“गो फरझाना, हिला कायतरी कर. चार ठिकाणचे बघून गेले. सगळे बोलतात, कळवतो. कोण कळवत नाय. मागच्या वेळी तर मुलाची मावशी दारातच बोलली, पोरगी हाय का पोतं? हिचा बाप दोन दिस जेवला नाय. आता रविवारी रोह्याचे येतायत.”

“करते की,” फरझाना म्हणाली. “मालू काय वाईट नाय दिसत. कपडा वाईट घालते.”

मालूनं हात पसरले. मी तिच्या छातीभोवती फिरले. बेचाळीस. कमरेला अडतीस. अंग उबदार होतं, श्वास खोल होता.

“भाभी, कपडा काय करंल?” मालू म्हणाली. “मी हाय तेवढीच राहणार.”

“राहशील तेवढीच. दिसशील वेगळी.”

फरझानानं त्या आठवड्यात जीव ओतला. गडद, बारीक काठाची साडी निवडली. ब्लाऊजची बाही कोपरापर्यंत आणली, टक्स, म्हणजे आतल्या चिमट्या, असे घेतले की अंग आवळून बसावं. गळा पुढून खोल, म्हणजे मान लांब दिसेल. रविवारी ती स्वतः पुतळीच्या गावात गेली, मला गळ्यात तशीच घेऊन. निऱ्या चापूनचोपून घातल्या. केस वर उचलून अंबाडा घातला. गालांच्या कडेला पावडर जरा गडद लावली, चेहरा उभट दिसावा म्हणून. पुतळी दारात उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझीच पोर हाय ना गो ही?”

रोह्याच्या मंडळींनी तिथल्या तिथं होकार दिला. मुलगा हितेश, कंपनीत शिफ्टवर होता. मुकाट, बरा वाटला. वैशाखात लग्न लागलं, आणि पेणभर झालं, की फरझानाभाभीच्या हाताला गुण आहे.

पावसाळ्यानंतर मालू पहिल्यांदा दुकानात आली. हसली, पण आधीचं हसू नव्हे.

“सासू बोलते, फसवलंत. बघाया आलो तवा निम्मी होतीस, आता कुठनं एवढी आलीस? शेजारणींना सांगते, शिंपिणीनं आमच्या डोळ्यांत धूळ फेकली.”

“आणि हितेश?”

“ते काय बोलत नायत.” जरा थांबून म्हणाली, “बघत पन नायत.”

फरझानाच्या हातात मी होते. तिची बोटं थांबली. तिला ते लागलं होतं. मग मालू म्हणाली, “भाभी, माप घे, पण दोन इंच कमीच धर.”

“अगं, श्वास कसा घेशील?”

“थोडा थोडा घेईन.”

फरझाना हसली आणि तिनं दोन इंच कमी धरले. मी नीट बेचाळीस दाखवत होते, वहीत चाळीस लिहिलं गेलं. मला खोटा आकडा दाखवता येत नाही, पण लिहिणारा हात माझा नव्हता.

दिवाळीला मालू आली तेव्हा तो ब्लाऊज तिला सैल होत होता. दुकानातल्या बायकांनी तिला घेरलं. “काय गो, कसली दिसतेस!” “काय केलंस?” मालू लाजली. फरझानालाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तिनं नवीन ब्लाऊज पुन्हा दोन इंच कमी शिवला. त्यानंतर कित्येक जणी येऊन म्हणायच्या, मालूसारखं करून दे.

संक्रांतीला छातीचं माप छत्तीस. शिमग्याला चौतीस. आता मी तिच्या पाठीवरून फिरताना मणका मणका लागत होता. दंडाला वेढा घातला की माझं टोक पार मागे जायचं. अंग गार असे. बायका अजूनही छान म्हणत होत्या, फक्त जरा कमी मोठ्यानं.

एके दिवशी मालू म्हणाली, “भाभी, केस गळतात. गंगावन कुठलं लावू? आणि गालाला लाली सांग ना, तोंड पांढरं दिसतं. ब्लाऊजला आत जरा कापूस घाल, पुढनं पडल्यासारखा वाटतो.”

फरझानाला सगळ्याची उत्तरं येत होती. कुठलं गंगावन, कुठली लाली, कापूस किती. सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

“मालू, जेवतेस का?”

“जेवते की.”

“काल काय जेवलीस?”

मालू बराच वेळ आठवत राहिली. “चहा घेतला,” ती म्हणाली. मग म्हणाली, “आधी सासू ताटाकडं बघायची, म्हणून कमी वाढून घ्यायची. आता ती बघत नाय. पन मलाच जात नाय, भाभी. घास फिरतो तोंडात.”

दुसऱ्या दिवशी फरझाना एसटीनं रोह्याला गेली. मी पर्समध्ये होते. मालूची सासू शांती वाईट बाई नव्हती, हे मी पाहिलं म्हणून सांगते. तिनं चहा केला, पोहे दिले. फरझानानं विषय काढताच मात्र कप खाली ठेवला.

“आम्ही काय उपाशी ठेवतो तिला? विचारा गल्लीत. तीच खात नाय. मी बोलले असंन पहिलं पहिलं, कोणती सासू बोलत नाय? पन हे आवळून घालायचं, रंगवायचं तिला शिकवलं कोणी? तुम्हीच ना?”

फरझाना उठली. हितेश बाहेरच्या खोलीत बूट घालत होता, दुसऱ्या शिफ्टला निघाला होता. तिनं त्याला गाठलं. “डॉक्टरला दाखवा तिला.” तो खाली बघून म्हणाला, “आता तर बरी दिसते, भाभी.” स्वयंपाकघराच्या दारातून मालू म्हणाली, “तुम्ही जावा. माझ्यावरनं भांडण नको.”

परतताना फरझाना घरी न जाता थेट पुतळीकडे गेली. पुतळी अंगणात मासळी वाळत घालत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “गो, आता कुठं सासरी बरं चाललंय. सासू चारचौघींत तिला मिरवते. तू नको मोडू.”

“अगं, पोर संपत चालली.”

“बारीक झाली म्हणून कोण संपत नाय.”

पुढच्या भाद्रपदात मालू आली ती धावतच. पाळी चुकली होती, तीन महिने. घरात सगळे आनंदात होते. शांती तिला जवळ बसवून भरवत होती, हितेश शिफ्टवरून येताना डाळिंबं आणत होता. “भाभी, आता सैल शीव. आत भरपूर कापड ठेव, पुढे उसवायला लागंल.” कितीतरी महिन्यांनी तिचं ते जुनं हसू मी ऐकलं. फरझानाच्याही अंगात आनंद आला. तिनं मला मालूच्या कमरेभोवती घेतलं.

सव्वीस. आधीच्या वेळेपेक्षा इंचभर कमीच.

फरझानानं मला सैल केलं, पुन्हा घेतलं. सव्वीसच. नेहमीसारखी ती मालूच्या कानाशी वाकली, पण तिच्या तोंडून आकडा निघाला नाही. “छान आहे,” एवढंच म्हणाली.

पोटात काही नव्हतं. रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, अंगात रक्तच उरलेलं नाही, पाळी त्यामुळे थांबलीय, हिला आजच्या आज भरती करा. घरी हे कळलं. शांती उठून आत गेली. त्या दिवसापासून तिनं मालूला भरवणंही थांबवलं आणि तिच्याशी बोलणंही. भरती दसऱ्यानंतर करू, असं ठरलं.

दसऱ्याच्या आधी चार दिवस ती नळावर कोसळली. मुंबईला न्यायला गाडी केली. वडखळच्या अलीकडे हितेशनं हाक मारली तर ओ आली नाही.

तेराव्यानंतर पुतळी दुकानात आली. फरझानानं मशीन थांबवलं. पुतळीनं रडारड केली नाही, शिव्या दिल्या नाहीत. स्टुलावर बसली. दोरीवर मालूचा सैल ब्लाऊज टांगलेला होता, आतमध्ये भरपूर कापड ठेवलेला. तिनं तो ओळखला.

“तू आलीवतीस माझ्याकडं,” पुतळी म्हणाली.

“आले होते.”

“आनि मी काय बोलले?”

फरझानानं मशीनवरचा दोरा तोडला.

“बोल ना. मी काय बोलले?”

“जाऊ दे, पुतळी. पहिले दोन इंच मीच कमी केले.”

एक गिऱ्हाईक दारात आलं आणि न बोलता परत गेलं.

त्यानंतर फरझानानं बायकांचं शिवणं सोडलं. उशांचे अभ्रे, पडदे, शाळेची दप्तरं, एवढंच घेते. मला वाटलं, आता माझ्याही नशिबी शांतता आली. पडद्याला लाज नसते. खिडकीचं माप कानात सांगावं लागत नाही.

पण गेल्या महिन्यात एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. शाझिया शाळेतून आली. तेरा वर्षांची आहे आता, आईसारखीच भरल्या अंगाची. तिनं मला खुंटीवरून काढलं, आरशासमोर उभी राहिली, फ्रॉक वर खोचला आणि मला कमरेभोवती गुंडाळलं. पोट आत ओढलं. आणखी ओढलं. माझ्या आकड्यांवरून तिचं बोट खाली खाली सरकत गेलं, आणि सव्वीसवर येऊन थांबलं. “इथपर्यंत,” ती आरशाला म्हणाली.

फरझाना दारात उभी होती. तिनं मला पोरीच्या अंगावरून ओढून घेतलं आणि कुवेतहून माझ्याबरोबर आलेल्या कात्रीनं सव्वीसवर कापलं. शाझिया घाबरली नाही. फक्त म्हणाली, “अम्मी, टेप काय, बाजारात मिळते. वर्गात दोघी-तिघींकडे आहे.”

छोटा तुकडा चिंध्यांबरोबर गेला. उरलेली मी मशीनच्या खणात असते. माझी सुरुवातच सव्वीसपासून होते, त्यामुळे पडदा मोजताना फरझानाला प्रत्येक वेळी सव्वीस वजा करावे लागतात. नवी टेप ती आणत नाही.

तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल, शिवणाच्या डब्यात गुंडाळी होऊन पडलेली. तिला कुणी आरशासमोर नेत असेल तर तेवढं बघा. कपडा अंगाला शोभेल असा निवडावा, हे फरझाना सांगायची ते काही खोटं नव्हतं. अंगच कपड्याला शोभेलसं करायला निघालं कुणी, तर तिला थांबवा. पण हे सांगताना माझाच विश्वास बसत नाही. फरझानानंही थांबवायला जाऊन पाहिलंच होतं.

आत्ता आतल्या खोलीत जेवणं चाललीत. मला इथून दिसत नाही, ऐकू येतं.

“शाझिया, भाकरी अर्धीच का ठेवलीस?”

“पोट भरलं, अम्मी.”