धर्मेंद्रचा तयार निबंध

प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.साठी अर्जासोबत स्वतःविषयी निबंध जोडायचा होता. आठ दिवस शालूला एक ओळ सुचेना, म्हणून ती लाखांदूरच्या नेट कॅफेत गेली. कॅफेवाल्या धर्मेंद्रने स्क्रीनवर तयार निबंध काढून दिला. त्यात लिहिलं होतं, वडील लहानपणीच वारले.

"माहे बाबा तर धानाच्या बांधीत चिखलणी करून राहिले," शालू म्हणाली.

"मंग काय झालं? मी सगळ्यायले हाच देतो. रडवल्याशिवाय सीट नाही भेटत."

शालूला त्याची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली, कारण ते वाचूनही क्षणभर तिचा हात 'सबमिट'कडे गेला होता. तिने तो निबंध पुसून टाकला आणि तिथंच बसून, बाबांसोबत तळ्यावर मासे ओळखायला शिकली तिथपासून लिहायला घेतलं. संध्याकाळी अर्ज गेला. निबंध अर्धंच पान झाला होता.