रुबार्बातली खुंटी

पाण्याची एकच गोष्ट मार्लिसला पटत नसे. ते कुणाची भीड ठेवत नाही.

लिंडहोल्म गावात बाकी सगळे भीड ठेवत. कुणाचा केक बसला तर म्हणत, "वेगळाच झालाय हो!" कुणाच्या सुनेने घराच्या दाराला जांभळा रंग फासला तर म्हणत, "वेगळंच सुचलंय तिला!" पाद्रीबाईंचं प्रवचन पाऊण तास लांबलं, की लोक चर्चच्या दारात एकामागून एक त्यांचा हात हातात घेऊन सांगत, "आजचं वेगळंच होतं." मिनेसोटातल्या लुथरन माणसाला याहून जहाल शिवी येत नाही. आणि गेल्या दहा दिवसांत चार जणांनी मार्लिसच्या नवऱ्याच्या, ओरिनच्या तळ्याकडे बघून नेमका हाच शब्द काढला होता.

तळं वाकडं होतं. पाणी सरळ होतं, काठ वाकडा होता. घराच्या बाजूला दगडांखाली तळ्याच्या अस्तराचं काळं रबर चार इंच उघडं पडलेलं, विजार घसरून आतलं दिसावं तसं. आणि समोरच्या बाजूने पाणी काठावरून ओघळून मार्लिसच्या रुबार्बच्या वाफ्यात शिरायचं. रुबार्बच्या त्या लाल, आंबट देठांना रोज फुकट आंघोळ घडत होती आणि ती कुजायला लागली होती.

दुसऱ्या कुणाचं तळं असं झालं असतं, तर कॉफीबरोबर हसून सोडून दिलं असतं. पण ओरिन एंगेब्रेट्सनने चौतीस वर्षं जिल्ह्याच्या रस्तेखात्यात पातळ्या लावल्या होत्या. त्याने लावलेल्या रस्त्यावर पावसाचं पाणी त्याला विचारून उतरायचं. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्याला पातळी बघायची तिपाईवरची जुनी दुर्बीण भेट दिली होती, आणि ती बैठकीत नातवंडांच्या फोटोंपेक्षा वरच्या फळीवर होती. असा माणूस स्वतःच्या परसात बारा फुटांचं तळं खणतो, आणि ते चार इंचांनी कलतं!

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी गावात तळ्यांची फेरी असायची. ज्यांच्या परसात तळं त्यांनी फाटक उघडं ठेवायचं, टेबलावर कॉफी आणि गोड वड्या मांडायच्या, आणि सगळ्या गावाने चर्चच्या गंभीर चेहऱ्याने एकमेकांचे मासे बघत फिरायचं. यादी रस्त्यापलीकडच्या व्हर्ना डालक्विस्टकडे. तिच्या तळ्याला तीन पायऱ्यांचा धबधबा होता आणि त्याचा आवाज मार्लिसला स्वयंपाकघरात ऐकू यायचा, जणू व्हर्ना स्वतःच बोलतेय.

फेरीच्या आदल्या बुधवारी व्हर्ना बगलेत प्लास्टिकचा बगळा मारून आली.

"हा घे. काठावर रोव. एक बगळा उभा दिसला की दुसरा उतरत नाही." मग तिने तळ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "अगं, हे वेगळंच आहे हो!"

"ओरिनचंच डोकं," मार्लिस म्हणाली.

"ते दिसतंच आहे. रबर मुद्दाम दाखवायचंय ना? हल्ली तशीही पद्धत असेल."

"कॉफी घेशील?"

"नको, निघतेच मी," असं म्हणून व्हर्ना बसली आणि पाऊण तासाने निघाली.

बगळ्याचं म्हणाल तर दुसऱ्याच दिवशी खरा राखी बगळा उतरला, प्लास्टिकच्या बगळ्याशेजारी मान वेळावत उभा राहिला, प्लास्टिकवाल्याने काही उत्तर दिलं नाही तेव्हा त्याने रागाने खजिनदार खाल्ला. तळ्यात सहा सोनेरी मासे होते आणि मार्लिसने त्यांना चर्चच्या कार्यकारिणीची नावं दिली होती. अध्यक्ष मधोमध तरंगत काहीच करायचा नाही. चिटणीस सगळ्यांच्या मागे मागे फिरायची. खजिनदार कायम दगडाखाली लपलेला असायचा आणि नेमका त्याच दिवशी बाहेर आला. मार्लिसने त्याच्यासाठी मनापासून प्रार्थना केली. खऱ्या खजिनदाराला हे सांगायचं की नाही, हे अजून ठरत नव्हतं.

पण तिचा जीव टांगला होता तो माशांपायी नव्हे.

तळं का वाकडं झालं हे साऱ्या जगात एका मार्लिसला ठाऊक होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एल्डन बाकस्ट्रम वारला. जिवंतपणी तो कुणाच्या फारसा उपयोगी पडला नव्हता, आणि मेल्यावर त्याने हे करून ठेवलं. चर्चच्या तळघरात मयताचं जेवण, आणि मयताच्या जेवणाला मार्लिसचा रुबार्बचा केक, हे गेली तीस वर्षं ठरलेलं. सकाळी ती सुरी घेऊन वाफ्यात गेली तर तिथे, नेमकी सगळ्यात जाड देठांच्या गड्ड्यात, ओरिनची खुंटी. तळ्याच्या काठावर त्याने सहा खुंट्या रोवल्या होत्या, दुर्बिणीतून बघून सगळ्यांची डोकी एका पातळीत आणली होती, काठ त्याच उंचीवर बांधायचा होता, मापं वहीत लिहिली होती आणि तो सिमेंट आणायला गेला होता. मार्लिसने खुंटी उपटली. देठं कापली. मग खुंटी होती तिथे परत लावली. हातोडी ओरिनच्या पडवीत, आणि तिथे कशाला हात लावायची सोय नव्हती, म्हणून तिने स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. नॉर्वेहून आलेल्या आजीचं, लेफ्से म्हणजे बटाट्याच्या पोळ्या लाटायचं, रेषारेषांचं जड लाटणं. त्याने ठोकली. छान घट्ट बसली. आधीपेक्षा जास्तच छान बसली.

त्या दिवशी केक सगळा संपला. एल्डनच्या बायकोने दोनदा घेतला.

पुढे तळ्यात पाणी भरलं आणि ते रुबार्बकडे झुकलं, तेव्हा मार्लिसला लाटणं आठवलं. सांगणारच होती. पण ओरिन त्या दिवशी काही बोललाच नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाला काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी उशीर झाल्यासारखा वाटला. तिसऱ्या दिवशी तर आणखीच.

बरं, पापाची कबुली ती देत नव्हती असंही नाही. दर रविवारी चर्चमध्ये देत होती. ऐंशी माणसांत उभं राहून, एका सुरात, मनाने केलं, तोंडाने केलं, हाताने केलं, सगळं एकदम. त्यात खुंटीही आली. देवाकडे हा व्यवहार घाऊक चालतो आणि तो कधी नाही म्हणत नाही. अवघड आहे ते किरकोळीत. एका माणसाला, स्वयंपाकघरात, दिवसाढवळ्या, "मी खुंटी हलवली" हे तीन शब्द सांगायचे, तर त्याला सामुदायिक प्रार्थना नाही, पेटीवादन नाही, काही नाही. देवाला तर सगळं माहीतच आहे, मग ओरिनला सांगायची एवढी काय घाई, असंही तिने स्वतःला समजावून बघितलं. जवळजवळ पटलंसुद्धा.

शुक्रवारी सकाळी ती ओट्याशी उभी राहून फेरीसाठी वड्या कापत होती. खिडकी उघडी होती. ओरिन तळ्याकाठी उलट्या बादलीवर बसला होता आणि पुटपुटत होता. मार्लिसला वाटलं, प्रार्थना करतोय, आणि ती जरा घाबरली, कारण जेवणाआधी सोडून त्याने कधी केली नव्हती.

मग नीट ऐकू आलं.

"कांडियोहाय. किटसन. कूचिचिंग." थांबला. "कूचिचिंग..." परत थांबला. मग बोटांवर मोजत पहिल्यापासून: "एटकिन, अनोका, बेकर, बेल्ट्रामी..."

मिनेसोटाचे सत्त्याऐंशी जिल्हे. अक्षरांच्या क्रमाने. रस्तेखात्यात नव्या पोरांना तो एका दमात म्हणून दाखवायचा.

तो आत आला, हात धुतले, पुसले. खिशातून पिकअपची किल्ली काढून वड्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"व्हर्नाला फोन कर. म्हणावं, आमचं नाव यादीतून काढ. दुपारी मी ते बुजवतोय."

"बुजवतोयस? आणि अध्यक्ष? चिटणीस?"

"बादलीत घालून व्हर्नाला दे. तिच्याकडे धबधबा आहे." त्याने किल्ली दोन बोटांनी तिच्याकडे सरकवली. "आणि सोमवारी दवाखान्यात जायचंय. गाडी तू चालव. आतापासून तूच चालव."

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मार्लिसने त्या गाडीच्या चाकाला हात लावला नव्हता. लावू दिलाच नव्हता.

"मी? मी चालवायला लागले तर तू शेजारी बसून पायाने जमीन दाबशील!"

तो हसला नाही. "वहीत सहाही खुंट्यांपुढे एकच माप आहे, मार्लिस. माझ्या अक्षरात. सहा वेळा दुर्बिणीतून बघितल्याचं मला आठवतंय. आणि तिसरी खुंटी चार इंच खाली आहे. म्हणजे मी बघितलंच नव्हतं. नुसतं बघितल्यासारखं वाटलं." तो किल्लीकडे बघत राहिला. "बाबांचं असंच सुरू झालं होतं. एकाहत्तराव्या वर्षी. बादली घेऊन गोठ्यात जाऊन बसले. गाई विकून नऊ वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी किल्ली आम्हीच काढून घेतली त्यांच्याकडून. माझ्याकडून कुणी काढून घ्यायला नको."

ओरिनला गेल्याच महिन्यात एकाहत्तरावं लागलं होतं.

मार्लिसने सुरी खाली ठेवली. दोन वाक्यं जुळवली. मग जुळवणं सोडलं.

"मी हलवली."

"काय?"

"खुंटी. तिसरी. रुबार्बातली. एल्डनच्या केकसाठी. उपटली आणि परत ठोकली."

पलीकडे व्हर्नाचा धबधबा बोलत होता.

"कशाने ठोकलीस?" ओरिनने विचारलं.

"लाटण्याने."

"लेफ्सेच्या?"

"हो."

"किती ठोके?"

"सात. आठ असतील. चांगली बसावी म्हणून."

"आठ," तो म्हणाला. तिथली माती भुसभुशीत. एका ठोक्याला अर्धा इंच. त्याने मनातल्या मनात हिशेब मांडला, आणि मार्लिसने बघितलं, तो जुळला. तीन आठवडे तिच्या नवऱ्याच्या खांद्यांवर बसलेलं काहीतरी उठून खिडकीतून निघून गेलं. त्याच्या जागी जे आलं तो राग होता. छान, तब्येतीचा, लालबुंद राग.

"चौतीस वर्षं, मार्लिस! चौतीस वर्षं मी खुंटीला हात लावणाऱ्या माणसाला त्याच दिवशी घरी पाठवायचो!"

"मग पाठव."

"तू घरातच आहेस!"

"हो, ते आहेच."

"तीन आठवडे! मी इथे जिल्हे म्हणत बसलोय—"

"लाक की पार्ल," मार्लिस हळूच म्हणाली.

"काय?"

"कूचिचिंगनंतर. लाक की पार्ल."

ओरिनने एका दमात, भिंतीकडे बघत, लाक की पार्लपासून यलो मेडिसिनपर्यंत सगळे जिल्हे म्हणून टाकले, त्यातला प्रत्येक जिल्हा तिच्या डोक्यात मारल्यासारखा. शेवटी त्याने किल्ली उचलली, खिशात टाकली आणि एक वडी तोंडात.

"आत्ता उचलून घेऊ ना तो काठ?" ती म्हणाली. "दोघांनी मिळून दोन तासांचं काम. मी माती ओढते."

"सोमवारी," ओरिन म्हणाला. "शनिवारी लोकांना बघू दे."

शनिवारी नऊ वाजता फाटक उघडलं. तळं जसं होतं तसंच, चार इंच रबरासकट. फक्त रुबार्बच्या वाफ्यात तिसरी खुंटी, तिला तांबडी फीत, आणि शेजारी खुर्चीवर इस्त्रीच्या रुमालावर ठेवलेलं लाटणं. मार्लिसने ते बघितलं आणि कॉफीचा थर्मास घट्ट धरला.

पहिली व्हर्नाच. "अगबाई, हे वेगळंच—"

"वेगळं नाही, वाकडं आहे," ओरिन खणखणीत आवाजात म्हणाला. "हिने माझी खुंटी हलवली. त्या लाटण्याने. आठ ठोके."

लिंडहोल्ममध्ये असं कुणी बोलत नाही. व्हर्नाने आधी ओरिनकडे बघितलं, मग लाटण्याकडे, मग मार्लिसकडे. मार्लिसचे कान तापले होते, पण मान तिने हलवली. "आठ," ती म्हणाली.

व्हर्नाच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटलं. ती मार्लिसच्या कानाशी आली. "माझा धबधबा गळतो गं. तीन वर्षं. रोज पहाटे नळी लावून भरते. कुणाला सांगू नकोस."

मार्लिसने सांगितलं नाही. पण तोवर चार जणांनी ऐकलं होतं, आणि एकदा फाटक उघडल्यावर पुढचं कोण अडवणार? शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकाने कबूल केलं की त्याची कमळं प्लास्टिकची आहेत आणि तो त्यांना दर रविवारी साबणाने धुतो. एका आजीने सांगितलं की नातवाचा लाडका मासा आत्तापर्यंत पाच वेळा मेला आहे आणि नातवाला वाटतं एकच आहे. खऱ्या खजिनदाराने विचारलं, "माझ्या नावाचा कुठला?" मार्लिसने श्वास घेतला आणि प्लास्टिकच्या बगळ्याकडे बोट दाखवलं. "त्याच्यामुळे गेला तो." खजिनदार इतका हसला की त्याची कॉफी तळ्यात सांडली आणि अध्यक्षाने आयुष्यात पहिल्यांदा हालचाल केली.

पाद्रीबाई संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. त्यांनी तीन वड्या खाल्ल्या आणि जाताना म्हणाल्या, "अकरा वर्षं मी चर्चमध्ये जे मागतेय ते इथे लाटण्याने झालं." मग फाटकाशी वळून, "माझीही प्रवचनं लांबतात. माहीत आहे मला."

"नाही हो," मार्लिस म्हणाली, आणि जीभ चावली. "हो. जरा लांबतात."

ओरिनने ती गोष्ट दिवसभरात त्र्याऐंशी वेळा सांगितली. त्र्याऐंशी वेळा मार्लिसने मान हलवली. तिसाव्या वेळेपर्यंत लाज वाटली. पन्नासाव्या वेळी ठोक्यांची संख्या दहावर गेली, तेव्हा तिने टोकलं, "आठच होते." साठाव्यानंतर ती स्वतःच लाटणं उचलून दाखवायला लागली.

रविवारी ओरिन गाडी चालवत चर्चला गेला, वेगमर्यादेच्या पाच मैल खाली, नेहमीसारखा. सगळे कबुलीला उभे राहिले. मनाने केलं, तोंडाने केलं, असं ऐंशी आवाज एका सुरात पुटपुटत पुढे सरकले. "हाताने" आलं, तेव्हा ओरिन तिच्याकडे जरासा कलला, बरोबर चार इंच, आणि कुजबुजला, "लाटण्याने."

मार्लिस भर चर्चमध्ये फिसकन हसली. पुढच्या बाकावरची व्हर्ना चपापून वळली. तिचे ओठ तो नेहमीचा शब्द म्हणायला उघडले, आणि तिने तो म्हटला नाही.