आपण की आम्ही

दातवाली दिवसभर लोकांचे दात काढते आणि संध्याकाळी फोनवर स्वतःचे. तिचं हसणं मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. ती दंतवैद्य, माझा नवरा फिजिओथेरपिस्ट. दोघांनाही परदेशात नोकरी हवी आहे आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. लिहिण्यावाचण्याचं दोघांचं जमतं, गाडी अडते ती बोलण्यावर. म्हणून क्लासने सरावासाठी जोड्या लावून दिल्या. ‘जोड्या लावा’ हा प्रश्न मला शाळेतही आवडत नसे.

सुरुवातीला तो तिला ‘अहो मॅडम’ म्हणायचा. आता ‘अगं’ म्हणतो. मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. रंग जरासा बदलला तरी माझ्या लक्षात येतो.

एका संध्याकाळी मी बाजूच्या खोलीत इस्त्री करत होते. फोन स्पीकरवर होता. पाच वर्षांनी तू कुठे असशील, असं तिने इंग्रजीत विचारलं. तो एकेक शब्द चाचपत म्हणाला, ‘‘वी विल टेक अ स्मॉल हाउस निअर अ लेक.’’

‘‘वी शुड हॅव अ बाल्कनी टू,’’ ती म्हणाली. दोघंही हसले.

त्याच्या शर्टाची एकच बाही मी कितीतरी वेळ इस्त्री करत राहिले. मराठीत असं मोघम बोलताच येत नाही. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत, ‘आम्ही’ म्हटलं की बाहेर. इंग्रजीतल्या ‘वी’मध्ये कोण आहे, हे बोलणाऱ्यालाच ठाऊक. आणि मी नोकरी सोडून बरोबर येणार का, हे त्याने मला अजून विचारलंच नव्हतं.

जेवताना मी म्हटलं, ‘‘तळ्याकाठच्या घरात कोण कोण राहणार आहे?’’

‘‘अगं, ते परीक्षेपुरतं उत्तर आहे. दिलेला वेळ भरायला काहीतरी बोलायचं असतं.’’

‘‘त्याच वाक्याचं मराठी कर बघू.’’

‘‘आपण तळ्याजवळ छोटं घर घेऊ.’’

‘‘हे मला म्हणालास की तिला?’’

त्याचा घास हातातच राहिला. ‘‘तुझं काय चाललंय?’’

‘‘काही नाही. व्याकरण.’’

मला म्हणाला असेल तर त्या घरात मी होते. तिला म्हणाला असेल तर ती.

दुसऱ्या दिवशी फोन लागला तशी मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

‘‘अरे वा, आज वहिनीपण?’’ दातवाली म्हणाली. एका शब्दात तिने माझं वय दहा वर्षांनी वाढवलं.

‘‘परीक्षक म्हणून बसलेय,’’ मी म्हटलं आणि नवऱ्याकडे वळले. ‘‘कालचं घराचं उत्तर यांना मराठीत सांग. अर्थ पक्का असला की इंग्रजी आपोआप सुधारतं.’’

त्याने माझ्याकडे पाहिलं. आत्ता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मग फोनकडे बघून तो म्हणाला, ‘‘आम्ही घर घेणार आहोत. ही आणि मी. म्हणजे, ही आली तर. नाही म्हणाली तर काय करायचं, म्हणून अजून विचारलेलं नाही.’’

या वेळी दातवालीने दात काढले नाहीत.

‘‘येशील?’’ त्याने मला हळूच विचारलं.

माझी नोकरी, माझी बढती, आईची तब्येत, सगळं नीट तोलून मगच उत्तर द्यायचं असं मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. पण फोन अजून चालू होता.

‘‘येणार,’’ मी म्हटलं. जरा मोठ्यानेच.