उजव्या डोळ्याचा चंद्र

आपल्या हातचं काम फसत नाही, याची गल्लीतल्या चष्मेवालीला खात्री होती, आणि ती खात्री झाकून ठेवण्याचा तिचा स्वभाव नव्हता. दुकानात उरलेली भिंगं आणि सांडपाण्याचा एक कोरा पाईप, एवढ्या भांडवलावर तिने दुर्बीण केली आणि चंद्रग्रहणाच्या संध्याकाळी गच्चीवर उभी केली. चंद्र उगवेल तो झाकोळलेलाच उगवेल, असं तिने साऱ्या गल्लीला बजावून ठेवलं होतं.

खरं म्हणजे तिला सारी गल्ली नकोच होती. हवा होता तो एकच माणूस, शेजारच्या दुकानातला शिंपी. तिचा थोरला भाऊ.

या दादाने दुर्बिणीला काळी खोळ शिवून दिली होती, तीही निळ्या दोऱ्याने. तिने दाखवलं तर म्हणाला, "काळाच आहे. तूच चष्मा लाव." तेव्हापासून तिला त्याच्या डोळ्याची शंका होती. बारीक काम करताना डावा डोळा मिटायचा, ही त्याची जन्माची सवय. म्हणजे दोरा निवडायचा तो उजवा डोळा, आणि तोच दगा देत होता. तीन महिने ती त्याला तपासायला बोलवत होती, आणि तीन महिने त्याला वेळ नव्हता. डोळा गेला म्हणजे कात्री गेली, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं. उपचाराला उशीर झाला तर खरंच जाईल, हे तिच्या डोक्यात होतं.

दुर्बिणीत एकाच डोळ्याने बघावं लागतं. सगळी मेख तिथेच होती.

पण गच्चीवर झुंबड उडाली. शेजारी आले, शेजाऱ्यांचे पाहुणे आले, खालच्या थांब्यावर ताटकळलेले अनोळखी लोकही जिना चढून आले. चंद्र वर आला, पण तांबूस, मळकट, शोधावा लागणारा. "एवढ्यासाठी तीन जिने?" कुणीतरी कुरकुरलं. "धीर धरा," चष्मेवाली म्हणाली. तासाभराने चंद्राच्या कडेला पांढरी रेघ उमटली, तेव्हा कुरकुरणारेच रांगेत पुढे घुसले. एकेक जण भिंगाला डोळा लावी आणि बाजूला व्हायचं विसरे. मग ज्यांची तोंडओळखही नव्हती ते एकमेकांना काय दिसलं ते सांगत बसत.

दादाची पाळी आली. त्याने सवयीने डावा डोळा मिटला.

"नुसता पिवळा डाग दिसतोय," तो म्हणाला. "तुझी दुर्बीण बिघडली."

"मला तर रेघ अगदी स्पष्ट दिसली," मागचा माणूस म्हणाला. तो बसचा ड्रायव्हर होता, पूर्ण अनोळखी. रांगेतल्या आणखी दोघांनी माना डोलावल्या. दादाचा चेहरा उतरला. एवढ्या लोकांसमोर हे व्हायला नको होतं. चष्मेवालीला स्वतःचाच राग आला. तरी ती मागे हटली नाही.

"दादा, आता डाव्याने बघ."

त्याने डावा लावला. बराच वेळ बघितलं. मग पुन्हा उजवा, पुन्हा डावा. रांगेतल्या कुणीही घाई केली नाही.

"मलाही आधी गाडीच बिघडली असं वाटायचं," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "समोरच्या दिव्यांना दाढ्या फुटायच्या. तीनदा गॅरेजला नेली. शेवटी कळलं, मोतीबिंदू. ऑपरेशन केलं आणि दीड महिन्यात पुन्हा गाडीवर."

"सुईत दोरा ओवता येतो का नंतर?"

"ते नाही सांगता येणार बुवा, मी कधी ओवला नाही. पण तुमच्या या गल्लीतून बस रोज ओवतो."

लोक हसले. दादाही हसला, जरा उशिराने. मग त्याने बाजूला पडलेली खोळ उचलली, दिव्याखाली नेली आणि उजवा डोळा मिटून शिवण निरखली.

"निळा आहे की गं," तो म्हणाला. खोळीची नीट घडी घालून त्याने ती बहिणीच्या हातात दिली. "उद्या दुकान किती वाजता उघडतेस?"

या प्रश्नाला द्यायचं एक झणझणीत उत्तर तिने तीन महिने तयार ठेवलं होतं. ते तिने खोळीबरोबर बाजूला ठेवलं.

"तू येशील तेव्हा," ती म्हणाली.