हिलालचा नारिंगी ड्रम

पुनमला तो रंग कधीच आवडला नव्हता. भाऊ हिलाल जिवंत होता तेव्हाही नाही.

हिलालने नरडाण्याच्या गाड्या रंगवणाऱ्या एकाला गाठलं आणि आपल्या अख्ख्या ड्रमसेटला नारिंगी रंग मारून घेतला. नुसता नारिंगी नाही, त्यावर जाडसर चमकी. बेस ड्रम, स्नेअर, वरचे दोन टॉम आणि उजव्या हाताला जमिनीवर उभा राहणारा मोठा फ्लोअर टॉम, सगळे झगझगीत. धुळ्याच्या देवपुरातल्या घरात तो थाट मांडला तेव्हा पुनम दारातच थबकली.

"अरे, हा ड्रम आहे की मिठाईचं दुकान?"

"तुला काय कळतं गं? गाणारा पुढे उभा असतो, ड्रमवाला सगळ्यांच्या मागे. मागे बसलेल्या माणसाला रंगच पुढे आणतो."

"लाकूड आहे ना? मग लाकूड दिसू दे की."

"तुझ्या आवडीचा ड्रम म्हणजे शाळेतला बाक. त्याच्यावर बसून पाढे म्हणायचे."

हे भांडण त्या दोघांचं नेहमीचं. भांडत भांडतच त्याने तिला वाजवायला शिकवलं. ती एका शाळेत संगीत शिकवायला लागली, तो फैसलच्या ऑर्केस्ट्रात लग्नाकार्यात वाजवत राहिला. आणि मग पावसाळ्यात डेंग्यूचा ताप काय आला, आणि धडधाकट माणूस बघता बघता हातचा गेला.

ड्रमसेट पुढच्या खोलीत तसाच राहिला. दुपार कलली की खिडकीतून ऊन आत यायचं आणि बरोबर त्या चमकीवर पडायचं. मग समोरच्या भिंतीवर नारिंगी कवडसे हलायला लागायचे. आई, भिकुबाई, रोज त्या वेळेला भिंतीसमोर येऊन बसायची. कुणी बोलावलं तरी उठायची नाही. पुनम शाळेतून आली, चपला काढल्या, पाणी प्यायली, तरी आईची मान वळायची नाही. एकदा ऊन नसताना, आभाळ भरून आलेलं असताना, पुनमने तिला तसंच बसलेलं पाहिलं. भिंत कोरी होती. आईची नजर मात्र काहीतरी फिरावं तशी भिंतीवर इकडून तिकडे फिरत होती.

त्यानंतर पुनम त्या खोलीतून जायचंच टाळायला लागली. मागच्या दाराने घरात शिरायची.

दिवाळीनंतर फैसल घरी आला. की-बोर्ड तोच वाजवायचा, ऑर्केस्ट्राही त्याचाच. बराच वेळ घुटमळला आणि म्हणाला, "पुनमदीदी, दुसरा ड्रमवाला बसवून पाहिला. जमत नाही. तुम्ही याल?"

पुनमने आधी नाही म्हटलं. मग म्हणाली, "येईन. पण तो रंग काढूनच."

आईला तिने सांगितलं. आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

जळगावात हाशमचाचांचं छोटं दुकान होतं. ढोलकी, ताशे, ड्रम, जे वाजतं ते सगळं तिथे दुरुस्त व्हायचं. हिलालचा त्यांच्यावर भारी जीव. फैसलच्या गाडीतून सेट उतरवला तेव्हा चाचांनी चष्मा पुसत विचारलं, "भाऊ कुठे आहे? स्वतः नाही आला? बरा आहे ना?"

पुनम बोलायला गेली आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं. "बरा आहे."

फैसल बाहेर दोर सोडत होता, त्याने ऐकलं नाही. पुनमला शब्द मागे घेता येईना. तिने घाईघाईने सांगितलं, चमकी पूर्ण घासून काढा, वर साधं पॉलिश, बास. चाचा हसले. "हिलालने कबूल केलं हे? कमाल आहे."

निरोप आला तशी ती फैसलच्या गाडीने आणायला गेली. चार ड्रम ओळीने मांडले होते. लाकडाच्या रेघा कशा नितळ दिसत होत्या, जणू आत्ता आत्ता झोपेतून उठलेल्या. तिने हात फिरवला. आणि मग कोपऱ्यात तिला फ्लोअर टॉम दिसला. नारिंगी. चमकीसकट, जसाच्या तसा.

"चाचा, हा राहिला?"

"राहिला कसा? तुझा भाऊच सांगून गेला ना."

पुनमचा हात तिथेच थांबला. "कोण?"

"हिलाल. मी हा घासायला घेणार, तेवढ्यात दारात उभा. म्हणाला, चाचा, चार तिच्या आवडीचे करा, हा एवढा माझा राहू द्या. मी म्हटलं आत ये, चहा घे. तर म्हणाला, गाडी थांबलीये. आणि गेला." चाचांनी तिच्याकडे पाहिलं. "का? त्याने तुला नाही सांगितलं?"

तिने मान हलवली. धुळ्याला येईपर्यंत गाडीत तिने फैसलला एवढंच विचारलं, "तू मध्ये चाचांकडे गेला होतास का?"

"मी? मी तर बोदवडच्या कार्यक्रमात अडकलो होतो. का?"

"काही नाही."

घरी आईने ते चार साधे ड्रम पाहिले, पाचवा पाहिला, आणि कित्येक महिन्यांनी स्वतःहून बोलली. "हाऊ एकच काब्रं ठेवा?"

हा एकच का ठेवला, याला पुनमला खोटं उत्तर सुचलं नाही. तिने चाचांनी सांगितलेलं सांगून टाकलं. वाटलं, आई हंबरडा फोडेल. आईने पदर सारखा केला.

"माले लई चाल तठे."

दुसऱ्या दिवशी पुनम तिला एसटीने जळगावला घेऊन गेली. दुकानात हाशमचाचा आणि त्यांची बायको जैनब दोघं होती. जैनबने स्टूल पुढे सरकवलं. भिकुबाई बसली नाही.

"मना पोऱ्या आठे उना व्हता?"

"हो अक्का. इथेच, दारात."

"तो पावसाळामाच गया, भाऊ. आम्हीनच त्याले मसानमा लई गऊत."

चाचांच्या हातातला पान्हा खाली पडला. त्यांनी पुनमकडे पाहिलं, पुनमने मान खाली घातली. जैनबने ओढणी तोंडावर धरली. रस्त्यावरून कांद्याचा हातगाडीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिला.

"अक्का," चाचा अखेर म्हणाले, "माझे डोळे आता तितके चांगले नाहीत. त्याच्या तोंडावर फडकं होतं, धूळ उडत होती, दारातून ऊन येत होतं. माणूस मी नीट पाहिला असं नाही म्हणणार. पण आवाज त्याचाच होता. अल्लाह शपथ, त्याचाच होता."

"दुबळा व्हयेल व्हता का?"

"नाही. चांगला होता."

"हासत व्हता?"

चाचांनी खाली पडलेला पान्हा उचलला. "हो. बोलताना हसत होता."

भिकुबाईने मान डोलावली, जैनबने दिलेलं पाणी घटाघटा प्यायली आणि स्टुलावर बसली. "मग बठ्ठं बरं शे," ती म्हणाली. त्या दिवशी परतताना पारोळ्याला तिने भजी मागून खाल्ली.

पुनमने मात्र भज्यांना हातही लावला नाही. खिडकीला डोकं टेकून ती बसली होती आणि तिच्या मनात भीती नव्हती, राग होता. जळगावपर्यंत गेलास. चाचांच्या दारात उभा राहिलास. एका ड्रमसाठी. आणि घरात मी मागच्या दाराने येत-जात होते, तर मला एक हाक मारता आली नाही? मग तिचं तिलाच उमगलं. मागच्या दाराने येणारी तीच होती. पुढच्या खोलीत ती थांबलीच कुठे होती?

तिने ठरवलं, फ्लोअर टॉम घासायचा नाही.

पहिला कार्यक्रम यावलला होता, एका केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरची हळद. भर दुपारी मांडव भरला होता. आईने कधी नव्हे ते येते म्हणून हट्ट धरला आणि पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली. पाहुण्यांमधली एक पोरगी सेटकडे बघून खिदळली, "चार भाऊ आणि एक सावत्र!" फैसलने हसून गाणं सुरू केलं.

पुनमचे हात सरावले होते. साध्या लाकडाचा आवाज मोकळा, खणखणीत निघत होता. उजवा हात मात्र फ्लोअर टॉमकडे जायचा आणि माघारी फिरायचा. दोन गाणी तिने त्याच्यावाचूनच काढली. तिसऱ्या गाण्यात चाल अशी होती की तिथे खालचा, जड ठोका नसता तर गाणं पांगळं झालं असतं. तिने डोळे मिटले आणि त्याच्यावर काठी हाणली.

रंगाचा जाड थर अजून अंगावर असल्यामुळे असेल, त्याचा आवाज बाकीच्या चौघांसारखा नव्हता. दबका होता, छातीतून यावा तसा. बायकांनी ठेका धरला. पुनमने पुन्हा मारलं, पुन्हा मारलं. आता तिला थांबवत नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा तिला पहिली दिसली ती आई. आई हसत होती. हिलाल गेल्यापासून पहिल्यांदा आई तिच्याकडे तोंड करून हसत होती. पुनमला गहिवरून आलं. ती आईकडे बघून हसली.

मग तिच्या लक्षात आलं, आईची नजर तिच्या तोंडावर नाहीये. ती हातभर वर आहे, पुनमच्या उजव्या खांद्याच्या मागे, जिथे मांडवाचं नुसतं कापड होतं.

मान वळवून मागे बघावं असं पुनमला अगदी अनावर झालं. तिने वळवली नाही. गाणं मध्यावर आलं होतं आणि ठेका सुटून चालणार नव्हता. ती खुर्चीवर जराशी डावीकडे सरकली, कुणाला जागा करून द्यावी तशी, आणि वाजवत राहिली.